बाटल्या वर

साल २०१७. मी तेव्हा एकसष्ट वर्षांचा होतो आणि पंचवटीतल्या एका शाळेत शिपाई होतो. त्याआधी सव्वीस वर्षं अंबडला एका कंपनीत फिटर. कंपनी बंद पडली, हात बंद पडले नव्हते, म्हणून शाळेनं मला घेतलं. नळ, बिजागऱ्या, पंखे, बाकं, सगळं मीच दुरुस्त करायचो. माझं शिक्षण चौथी. पाचवीत गेलो होतो, पण बसलो नाही. त्यामुळे हे लिहिताना नातीला सांगून ठेवलंय की काना-मात्रा तू नीट कर, पण वाक्य माझं हलवायचं नाही.

नात म्हणजे सायली, माझ्या मुलाची मुलगी. त्या वर्षी ती आमच्याच शाळेत पाचवीत होती आणि सारखी आजारी पडायची. दर पंधरा-वीस दिवसांनी पोटात दुखायचं, अंगात कणकण यायची, दोन दिवस शाळा बुडायची. ती आता चांगली धडधाकट आहे, स्कूटरवर कॉलेजला जाते. हे आधीच सांगून टाकतो. वाचणाऱ्याचा जीव टांगून ठेवायची मला हौस नाही. माझाच त्या वर्षी टांगला होता, तेवढं पुरे.

लिहायचंय ते बाईंबद्दल.

आमच्या शाळेत बाकी सगळ्या मॅडम होत्या. ह्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मला बाई म्हणा. मॅडम म्हटलं की वाटतं, आपल्या मागं दुसरं कोणीतरी उभंय." वय पन्नाशीच्या पुढं. उंच, शेवग्याच्या शेंगेसारख्या वाळक्या, सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ. आधी बरीच वर्षं हरसूलकडच्या डोंगरातल्या एका शाळेवर होत्या. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत तांब्या आणि त्यावर पालथं फुलपात्र. हजेरीचं पुस्तक विसरायच्या, तांब्या नाही.

वर्गात शिरल्या की गुड मॉर्निंग नाही, नमस्ते नाही. दारातूनच म्हणायच्या, "बाटल्या वर."

सत्तेचाळीस पोरं पाण्याच्या बाटल्या डोक्यावर धरायची आणि बाई खिडकीच्या उजेडात एकेक बाटली बघत रांगेतनं फिरायच्या. लग्नाच्या पंगतीत वाढपी कोणाचं पान रिकामं झालं ते बघत फिरतो ना, तशा. फक्त ह्यांचं उलटं. ह्यांना भरलेलं खटकायचं. प्रत्येक बाटलीवर त्यांनी पेनानं तीन रेघा मारल्या होत्या, औषधाच्या बाटलीला असतात तशा. छोट्या सुट्टीपर्यंत पहिली रेघ, डब्याच्या सुट्टीपर्यंत दुसरी, शाळा सुटेपर्यंत तिसरी आणि मग तळ. एका पोराच्या काकानं दुबईहून स्टीलची भारी बाटली आणली होती. बाईंनी ती हातात घेतली, कानाशी नेऊन हलवली आणि परत दिली. "छान आहे. घरी शोकेसमध्ये ठेव. आपल्या वर्गात आतलं दिसलं पाहिजे."

इतिहास शिकवायच्या तेव्हा मी व्हरांड्यातल्या माझ्या जागेवरून ऐकायचो. मावळे दोराला धरून कडा चढताहेत, वर पहारेकऱ्याला चाहूल लागली, तो मशाल घेऊन कड्याच्या टोकाशी आला, वाकला, आणि बाई गप्प. खडू खाली ठेवायच्या.

"बाई, मग?"

"मग दोन घोट."

"बाई, सांगा ना."

"घसा कोरडा ठेवून गड घेता येत नाही. प्या आधी."

सगळ्या वर्गातनं गट-गट आवाज यायचा. एकदा ऐकता ऐकता माझाही हात माझ्या बाटलीकडं गेला. कोणी बघितलं नाही ना, ते बघून घेतलं.

कोणाचं डोकं दुखलं, पाणी. दोन पोरं मारामारी करून आली, तर दोघांनी आधी पाणी प्यायचं, मग कोणी सुरुवात केली ते सांगायचं. पिऊन होईपर्यंत निम्म्यांना भांडणाचं कारण आठवायचं नाही. पालक तावातावानं आले तरी तेच. आमचे हेडसर तापट माणूस. एकदा ते बाईंना व्हरांड्यातच म्हणाले, "अहो, हे तुमच्या वर्गात काय चाललंय? दर तासाला निम्मी पोरं बाहेर. शाळा आहे का एसटी स्टँड?"

"सर, आधी पाणी घ्या."

"मला तहान नाही."

"तहान लागली म्हणजे उशीर झालेला असतो. घ्या."

सरांनी फुलपात्र घेतलं. प्यायले. बाईंनी पुन्हा भरलं, पुन्हा प्यायले. मग बाई म्हणाल्या, "आता बोला." सरांनी मिशी पुसली आणि ते ऑफिसात गेले. माझ्याकडं बघून बाई म्हणाल्या, "सकाळपासून चहावर होते बिचारे."

आता बाई रिटायर आहेत. मागच्या महिन्यात भाजी बाजारात भेटल्या. हातात मेथीची जुडी होती आणि भाजीवाल्या म्हातारीला सांगत होत्या, "मेथीवर सकाळपासून इतकं पाणी मारलंस, स्वतः किती प्यालीस?" म्हातारी माझ्याकडं बघून म्हणाली, "दादा, ह्यांना न्या हो घरी." मी म्हटलं, "मावशे, प्या गुमान. माझीबी सुटका झाली नव्हती."

पण आमची सुरुवात भांडणानं झाली होती. शाळेच्या गच्चीवरची टाकी मी दर शनिवारी धुवायचो. बाई यायच्या आधीपासून. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाल्या, "मामा, टाकी बघायची आहे." शाळेत शिपायाला मामाच म्हणतात. मी म्हटलं, "मी धुतो ती. बघायचं काय त्यात?" तर साडीचा पदर खोचून लोखंडी शिडीनं वर. मी खाली शिडी धरून उभा, तोंड फिरवून, डोक्यात राग. सव्वीस वर्षांत माझ्या कामावर सुपरवायझरनं बोट ठेवलं नव्हतं, आणि ही बाई टाकीत हात घालून बोट चाटून बघत होती. उतरल्या आणि म्हणाल्या, "चांगली आहे." एवढंच. मी त्या दोन शब्दांवर चार दिवस खूश होतो, पण दाखवलं नाही.

त्या दिवशी पायरीवर बसून त्यांनी सांगितलं, "मामा, तिकडं हरसूलला उन्हाळ्यात माझ्या पोरी शाळेत उशिरा यायच्या. झऱ्यावर नंबर लावून वाटी-वाटीनं हंडा भरायचा, मग घरी टाकायचा, मग शाळा. त्यांचे ओठ फुटलेले असायचे, ते मला समजायचं. इथं नळाला पाणी आहे, गळ्यात बाटली आहे, आणि ओठ तसेच. हे काही समजत नाही मला."

मला तेव्हा वाटलं, बाईला दुसरा उद्योग नाही.

आता माझ्या कुलपाचं सांगतो. त्यात लपवण्यासारखं काही नाही. त्या वेळी तर मला त्याचा अभिमानच होता.

शाळेत मुलींचं संडास-बाथरूम नवीन बांधलं होतं. पांढऱ्या फरशा, सहा नळ. शाळेचं फाटक दिवसभर उघडं असायचं आणि शेजारी बाजार, त्यामुळे बाहेरचे लोक सर्रास आत यायचे. पहिल्याच महिन्यात दोन नळ गेले, फरशीवर पानाच्या पिचकाऱ्या. सरांनी मला बोलावलं. "मामा, आता ही तुमची जबाबदारी." मी जबाबदारी घेतली की घेतली. दाराला बाहेरून कडी-कोयंडा बसवला, कुलूप लावलं. मुलीनं यायचं, चावी मागायची, जाऊन यायचं, चावी परत द्यायची. रोज दुपारी मी स्वतः घासायचो. संस्थेचे अध्यक्ष आले तेव्हा सरांनी त्यांना मुद्दाम नेऊन दाखवलं आणि म्हणाले, "हे आमच्या मामांचं काम." अध्यक्षांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तो अजून आठवतो.

चावी हरवू नये म्हणून मी तिला एक फळी बांधली होती. मोडक्या बाकाची, हातभर लांब, चांगली रंधा मारलेली. लाल ऑइलपेंट दिला आणि पांढऱ्या अक्षरात लिहिलं, मुली. अक्षर मी स्वतः काढलं. तीन वर्षांत चावी एकदाही हरवली नाही.

आणि सायली आजारी पडत होती. शाळेत ती मला मामाच म्हणायची. आबा नाही. हे तिनंच ठरवलं होतं, पहिल्या दिवशी, घरून निघताना. मी विचारलं नाही का ते. मोठी होतेय, म्हटलं. आमच्या घरी सगळे उपाय चालू होते. माझी बायको मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढायची. मी म्हणायचो, बाजारातली भेळ बंद करा. डॉक्टर पातळ औषध द्यायचा, चार दिवस बरं वाटायचं, पुन्हा पोट धरून बसायची.

बाईंचं लक्ष होतं तिच्यावर. एकदा शाळा सुटल्यावर तिला घेऊन माझ्यासमोर आल्या. "जीभ काढ," म्हणाल्या. सायलीनं काढली. पांढरी, चिकट. मग तिची बाटली वर धरली. तळ दिसत होता.

"मामा, बाटली रिकामी आणि जीभ कोरडी. तुम्ही फिटर होतात ना? टाकी रिकामी होते आणि नळाला पाणी नाही, तर काय समजायचं?"

"गळती," मी म्हटलं.

"कुठं?"

सायली आमच्या दोघांकडं न बघता बुटाच्या टोकानं फरशी घासत होती.

फेब्रुवारीत ऊन तापायला लागलं तेव्हा बाई एके दिवशी मैदानात उभ्या राहून झाडं बघायला लागल्या. आमच्या इमारतीला दोन जिने, एक मुलांचा, एक मुलींचा, आणि दोन्हींच्या पायथ्याशी एकेक जास्वंद.

"ह्यांना पाणी कोण घालतं?"

"मीच. एक दिवसाआड."

"दोन्हींना सारखं?"

"सारखंच."

"मग ही अशी का, आणि ती तशी का?"

खरंच, मुलांकडची खुरटी, पानं पिवळी. मुलींकडची माझ्या खांद्याला लागलेली, रोज पंधरा-वीस फुलं, मुळाशी माती ओली, शेवाळ आलेलं. माझ्या रोज डोळ्यांसमोर होतं. मी म्हटलं, "जमिनीत फरक असंल."

त्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी बाई त्या जास्वंदीमागं जाऊन बसल्या. पन्नाशी उलटलेली बाई, उकिडवी, मांडीवर पिशवी घेऊन. घंटा मीच दिली. पोरी जिन्यानं खाली आल्या आणि जाता जाता, चालही हळू न करता, एकेक बाटली झाडात उलटी. एक, दोन, पाच, दहा. इतक्या सवयीनं की बघतही नव्हत्या. सायलीनंही ओतली. आईनं सकाळी उकळून, गाळून भरलेलं पाणी. घरी भरलेली बाटली गेली तर आई ओरडणार आणि वर्गात रेघेखाली पाणी उतरलं नाही तर बाई. वर्गात तोंडाला लावायची, गालात धरायची, खिडकीतनं थुंकायची किंवा दप्तराआड रुमालात सोडायची आणि उरलेलं इथं. हे सगळं नंतर कळलं.

बाई बाहेर आल्या तेव्हा कमरेपर्यंत भिजल्या होत्या. मला वाटलं, आता एकेकीला धरतील. तर पिळलेला पदर झटकत म्हणाल्या, "सापडली गळती," आणि त्यांचा चेहरा उजळला होता. माझा उलट पेटला होता. त्या संध्याकाळी घरी मी सायलीला पोटभर बोललो. "तुझी आई पहाटे उठून पाणी उकळती, आन् तू झाडाला घालती? एवढी माजली का?" ती खाली बघून रिकामी बाटली पुसत राहिली. मला ते उर्मटपणाचं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मुलग्यांना मैदानावर पाठवलं आणि वर्गाचं दार लावून मुलींशी बोलत बसल्या. अर्धा तास. बाहेर आल्या त्या सरळ माझ्याकडं.

"मामा, फळी द्या."

"बाई, स्टाफचं तिकडं हाय, ऑफिसशेजारी."

"मला इकडचं पाहिजे."

दिली. बाईंनी ती फळी छातीशी उभी धरली, देवळातला चोपदार दंड धरतो तशी, आणि निघाल्या. मुलींच्या बाथरूमकडं जायला सहावी आणि सातवीच्या वर्गांसमोरून जावं लागायचं. सातवीच्या खिडकीतनं आवाज आला, "ए, सिग्नल लाल झाला." आणि हशा. मग पोरांनी बघितलं की फळीमागं कोण आहे. एकदम चिडीचूप. बाई खिडकीशी थांबल्या. मला वाटलं आता ह्यांची धडगत नाही. बाई म्हणाल्या, "हो, लाल झालाय. मला लघवीला लागली आहे. अजून कोणाला काही विचारायचंय?" कोणाला विचारायचं नव्हतं. "मग पाणी प्या." आणि गेल्या.

असं त्यांनी तीन दिवस केलं. दर तासाला एकदा. येताना-जाताना फळी तशीच उभी. पहिल्या दिवशी पोरं हसली, दुसऱ्या दिवशी खाली मान घातली, तिसऱ्या दिवशी बघायचीही बंद झाली. पण मुली मात्र चावी मागायला आल्या नाहीत त्या नाहीतच. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाईंनी फळी माझ्या मांडीवर ठेवली.

"मामा, हरसूलला आमच्या शाळेत संडास नव्हतं. पोरी झुडपामागं जायच्या. पण जाताना हातात पाटी धरून कोणी जात नव्हतं."

"चावी हरवती म्हणून फळी हाय."

"मग कुलूप काढा."

"बाई, तुम्ही शिकवायचं बघा. कुलूप माझं काम हाय. उघडं टाकलं तर आठ दिवसात काय होतं ते मी बघितलंय. सहातला एक नळ गेला का तीन वर्षांत? एक फरशी फुटली का?"

"नाही. वस्तू सगळ्या शाबूत आहेत."

असं म्हणून त्या उठून गेल्या. ते बोलणं मला नीट कळलं नाही, पण खुपलं. त्यानंतर तीन आठवडे मी त्यांच्याशी बोललो नाही. फुलपात्र पुढं केलं तरी मान फिरवायचो. त्या रोज पुढं करायच्या, मी रोज फिरवायचो. हेडसरांकडंही गेल्या होत्या त्या, पण सर म्हणाले, मामांना दुखवू नका, माणूस कामाचा आहे. ते ऐकून मी आणखी ताठ झालो. म्हातारपणी माणसाजवळ काय असतं? केलेलं काम असतं. ते चुकलं असं कोणी म्हटलं की अंगाची आग होते.

मार्चच्या सुरुवातीला एका सकाळी दुसऱ्या तासाला बाई सायलीला धरून वर्गाबाहेर आल्या. पोर थडथड उडत होती. दात वाजत होते, बाहेर ऊन असून. बाई माझ्याशी तीन आठवड्यांनी पहिला शब्द बोलल्या. "मामा, रिक्षा."

मी पळालो. भाजी बाजाराच्या गर्दीतनं रिक्षा काढताना रिक्षावाला हॉर्नवरचं बोट काढत नव्हता. सायलीचं डोकं बाईंच्या मांडीवर, पाय माझ्या. पायांना हात लावला तर तव्यासारखे. "आबा, पाठ दुखती," म्हणाली. शाळेच्या वेळेत आबा म्हणाली, तेव्हा मी घाबरलो.

दवाखान्यात डॉक्टरीण तरुण होती, माझ्या सुनेच्या वयाची. पोटावर दाबलं, पाठीवर हळूच मारलं, सायली कळवळली. "बाळा, शाळेत लघवीला जातेस का?" सायलीनं माझ्याकडं बघितलं आणि तोंड मिटलं.

बाई म्हणाल्या, "मामा, तुम्ही जरा बाहेर थांबा."

"मी आजा हाय तिचा."

"म्हणूनच."

मी बाहेर आलो. बाहेर म्हणजे हिरव्या पडद्याच्या पलीकडं. सगळं ऐकू येत होतं.

"जात नाही," सायली म्हणाली.

"का गं?"

"चावी मागावी लागते."

"कोणाकडं?"

तपासायची कॉट करकरली. मग ती म्हणाली, "शिपाई मामांकडं."

दवाखान्यात, तापात, आणि शिपाई मामा. माझी अब्रू राखली का तिची, मला अजून उलगडत नाही. मग हळूहळू सगळं सांगितलं. फळी घेऊन गेलं की मुलं ओरडतात. सकाळी सातला घरून निघते, दुपारी एकला पोचेपर्यंत धरून ठेवते. पाणी प्यायलं की धरवत नाही, म्हणून पीत नाही. वर्गातल्या सगळ्याच मुली तसंच करतात. बाकीच्यांनी तिला एकदा सांगितलं होतं, तुझे आजोबा ना ते, तू सांग ना त्यांना. ती म्हणाली होती, ते नाही ऐकत कोणाचं.

मी तिथल्या बाकड्यावर बसलो. सहा नळ आणि एकही फरशी फुटलेली नाही.

डॉक्टरणीनं सांगितलं, लघवीच्या जागी जंतू झालेत, असं वारंवार झालेलं दिसतंय, ह्या वेळी वर मूत्रपिंडापर्यंत गेलं असेल तर बघावं लागेल. ॲडमिट केलं, सलाईन लावलं. मुलगा अंबडहून ड्युटी टाकून आला, सून आली. मी कोणाला काही बोललो नाही. बाईंनीही सांगितलं नाही. सुनेनं विचारलं, "कशामुळं झालं हो बाई?" तर म्हणाल्या, "पाणी कमी पडलं." मी तिथंच उभा होतो. त्यांना सांगता आलं असतं. त्यांच्या जागी मी असतो तर सांगितलं असतं, चारचौघांत.

ते दोन दिवस कसे गेले ते लिहीत नाही. ताप उतरायचा, चढायचा. मी कॉटच्या पायथ्याशी बसून सलाईनचे थेंब बघत राहायचो. तिसऱ्या दिवशी सकाळी अंगाला हात लावला तर गार, नुसतं घामानं भिजलेलं. अकराला सोनोग्राफी झाली. डॉक्टरीण स्वतः रिपोर्ट घेऊन बाहेर आली. "दोन्ही किडन्या व्यवस्थित आहेत, आजोबा. वेळेत आणलंत. गोळ्यांचा कोर्स पूर्ण करा आणि हिला भरपूर पाणी प्यायला द्या, तुंबवून ठेवू देऊ नका. बाकी काही नाही."

बाकी काही नाही. मी तिला पुन्हा म्हणायला लावलं. कंपनी बंद पडली तेव्हा मी रडलो नव्हतो, वडील गेले तेव्हाही लोकांसमोर नाही. तिथं पाणी आलं डोळ्यांत. सून उलट मलाच धीर द्यायला लागली.

दुपारी शाळा सुटल्यावर बाई आल्या, पिशवी, तांब्या, सगळं घेऊन. आधी सायलीला पाजलं. पोरगी घटाघटा प्यायली आणि म्हणाली, "बाई, तो पहारेकरी वाकला होता, मग काय झालं?"

"पूर्ण बरी हो, मग गड घेऊ."

"आत्ता सांगा. मी खरं खरं पिलं आज."

बाईंनी सांगितलं. पहारेकऱ्याला खाली अंधारात काही दिसलं नाही, तो परत फिरला आणि मावळे वर चढले. सायली उशीवर मान टाकून हसली. मग बाईंनी फुलपात्र भरलं आणि रोजच्यासारखं माझ्यापुढं केलं. मी घेतलं. तीन वेळा घेतलं. घसा इतका सुकला होता हे पिताना कळलं. तांब्या रिकामा झाला तसा त्यांनी तो पालथा करून दाखवला आणि उठल्या.

पुढं कधीही त्यांनी ह्या गोष्टीचा विषय काढला नाही. चार वर्षं आम्ही एकत्र काम केलं. बाथरूम पुढं घाण झालं का, तर झालं थोडं. एक नळ गेला. मी नवा बसवला.

त्या दुपारी बाई दवाखान्यातून गेल्यावर सायलीनं मला जवळ बोलावलं. "आबा, तुम्हाला राग आला?"

"कोणाचा?"

"माझा."

"नाय. झोप आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी शाळेत पोचलो. झाडूवालीसुद्धा आली नव्हती. स्क्रू ड्रायव्हर घेऊन दाराच्या बाहेरची कडी आणि कोयंडा काढला, भोकं लाकडात भरायच्या लांबीनं बुजवली. आतली कडी बघितली तर ती माझ्या कपाळाच्या उंचीला होती. ती मीच लावली होती. तीन वर्षं पाचवीच्या पोरींनी टाचा उंच करून लावली असेल, किंवा लावलीच नसेल. ती काढून खाली आणली, माझ्या कमरेच्या जरा वर, आणि दहा-बारा वेळा सरकवून बघितली, तेल दिलं. मग व्हरांड्यातलं माझं स्टूल उचललं आणि फाटकापाशी नेऊन ठेवलं, तोंड रस्त्याकडं करून, म्हणजे बाहेरचा कोणी आत येणार नाही. सातला पोरी यायला लागल्या. थोड्या वेळानं मागं कोणीतरी पळत गेलं, दार वाजलं आणि आतून कडी सरकल्याचा आवाज आला. मी मान वळवली नाही. रस्त्यावरच्या रिक्षा बघत बसलो.